डर्बीत वय बघत नाहीत

डिसेंबर अर्धा उलटला की आमच्या कांजूरला पहाटेचा वारा फिरतो. दिवसा तो समुद्राकडून येतो, बऱ्या घरच्या पाहुण्यासारखा. पहाटे मात्र खाडीकडून येतो आणि येताना डम्पिंग ग्राउंडचा वास घेऊन येतो. बाकीच्या जगाला थंडीची चाहूल धुक्याने, शेकोटीने लागते. आम्हाला ती या वासाने लागते. आंबूस, गोडसर, मध्येच जळकट. समोरच्या नव्या टॉवरमधली माणसं खिडक्या लावून घेतात आणि फोनवर एकमेकांना तक्रारी पाठवत बसतात. मी मात्र उठून खिडकी उघडते आणि एक मोठा श्वास घेते. हे मी सहसा कुणाला सांगत नाही. सांगितलं तर लोक मला वेड्यात काढतील, आणि त्यांचं फारसं चुकणारही नाही.

तो वास आला की आमच्या घरात घोडे यायचे.

म्हणजे बाबांचा रेसचा मोसम सुरू व्हायचा. घोडे तिकडे महालक्ष्मीला पळायचे, पण त्यांची आई, आजी, पणजी, कुणाचा गुडघा दुखरा, कुणाला ओली जमीन आवडते, कोण गर्दीत बुजतो, हे सगळं आमच्या दोन खोल्यांत नांदायचं. बाबा एका विमा कचेरीत होते. दिवसभर लोकांना वय विचारायचं, वडील कशाने गेले, आई आहे का, घरात कुणाला काय दुखणं होतं ते विचारायचं आणि त्यावरून हा माणूस किती टिकेल याचा अंदाज बांधायचा, हे त्यांचं काम. घरी आल्यावर तेच काम ते घोड्यांचं करायचे, फक्त हौसेने. पैसा त्यांनी कधी लावला नाही. 'पैसे लावले की माणूस घोडा बघत नाही, पैसे बघतो,' असं ते म्हणत. आई त्यावर म्हणायची, "लोकांचे नवरे रेस खेळून घर बुडवतात. आमचे न खेळताच बुडालेत."

मी मोठी, नंदू धाकटा. नंदूला घोड्यांत काडीचा रस नव्हता. त्यामुळे बाबांची विद्या माझ्या पदरात पडली.

विद्येचा पहिला नियम अंगठ्याचा. रेसच्या पुस्तकात घोड्याचं नाव ठळक छापलेलं असतं, खाली बारीक अक्षरात बाप, आई, आईचा बाप आणि मागच्या शर्यतींचा हिशेब. बाबा नावावर अंगठा दाबून धरायचे आणि म्हणायचे, "वाच." नाव फसवतं, असं त्यांचं ठाम मत होतं. 'वादळ' नावाचा घोडा बैलगाडीसारखा पळताना त्यांनी पाहिला होता. नाव झाकलं की उरतं ते फक्त रक्त आणि आजवरचं पळणं. ते वाचायचं, निकाल सांगायचा आणि मगच अंगठा उचलायचा. मी नवसाच्या लेकीसारखी समोर बसून वाचायचे. हा सुरुवातीला रेंगाळतो, शेवटी येतो. ही आईसारखी, मैल गाठला की संपते. याच्या बापाला जड वजन सोसत नव्हतं, यालाही सोसायचं नाही. बाबा मान डोलवायचे, अंगठा उचलायचे, आणि नाव बघून आम्ही दोघं हसायचो.

डर्बीचा अभ्यास वेगळा. ती मोसमातली सगळ्यात मोठी शर्यत, फेब्रुवारीच्या तोंडाशी. बारा फर्लांगांची. त्यातल्या बहुतेक घोड्यांनी तेवढं अंतर तोवर कधी कापलेलं नसतं. मग ते कापतील की नाही हे ठरवायचं कसं? तर वंशावरून. आई-बापाला, आज्याला लांबचा दम होता का ते बघायचं. "छोटं अंतर घोडा पळतो," बाबा म्हणायचे, "मोठं अंतर त्याचं रक्त पळतं." आणि दुसरी गोष्ट, डर्बीत सगळे घोडे एकाच वयाचे, चार वर्षांचे. एरवी पुस्तकात घोड्याचं वय आधी बघतात. डर्बीत ते बघायचं कारणच नाही. "डर्बीत वय बघत नाहीत," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की झोपेत उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. आजही सांगेन, पण आता ते पूर्वीसारखं हसत सांगता येत नाही.

ज्या थंडीबद्दल मी लिहायला बसलेय, तीही अशीच वासाने सुरू झाली. त्या वर्षी धूर जास्त होता. देवनारकडे कचरा पेटला होता म्हणे, इकडेही काहीतरी धुमसत होतं. सकाळी गॅलरीत वाळत टाकलेल्या कपड्यांना कोळशाच्या गाडीत प्रवास केल्यासारखा वास यायचा. हायवेपलीकडची मिठागरं दिसतच नसत. तिथे नुसतं पांढरं काहीतरी असायचं, आणि त्यातून बगळे अचानक बाहेर यायचे आणि अचानक नाहीसे व्हायचे.

त्या वर्षीच्या डर्बीत एक घोडा होता. त्याचं नाव मला आजही ठाऊक नाही, कारण बाबांनी त्याच्यावरचा अंगठा मोसमभर उचलला नाही. आम्ही त्याला 'तिचा' म्हणायचो. ती म्हणजे त्याची आई. तिला पळताना बाबांनी स्वतः पाहिलं होतं. शेवटच्या वळणावर ती सगळ्यांच्या पुढे होती, आणि तिथे, कठड्याबाहेर काहीच नसताना, तिने मान वळवून बाहेर पाहिलं. मग ती पडली. बाबा हे सांगताना क्रम कधी चुकवायचे नाहीत. आधी तिने पाहिलं, मग पडली. पाय वाचला, पण पळणं संपलं. तिला फार्मवर नेलं, आणि काही वर्षांनी तिचा हा मुलगा महालक्ष्मीला आला.

"आणि गंमत बघ," बाबांनी मला मोबाइलवर त्याच्या मागच्या शर्यती दाखवल्या. एक झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. प्रत्येक वेळी शेवटचं वळण आलं की 'तिचा' मान वळवायचा. त्याच जागी, बाहेरच्या बाजूला. जॉकी लगाम खेचायचा, घोडा अर्धं शरीर मागे पडायचा, मग पुन्हा सावरून पळायचा. डोळ्यांच्या कडांना ढापणं लावून पाहिली होती, तरी मान वळायचीच.

"ह्याने आईला पडताना पाहिलंय का?" मी विचारलं.

"तेव्हा हा होता कुठे?"

"मग काय बघतो?"

बाबा कामाचं बोलताना साधं बोलायचे, पण पोटातलं काही आलं की त्यांची मालवणी वर यायची. "रगत विसरणा नाय गो," ते म्हणाले आणि मोबाइल पालथा ठेवला.

मला वाटतं, माणसाला भीती वाटते ती नव्या गोष्टीची नाही. काहीतरी आपल्याआधीच आपल्या घरात राहत होतं, आपल्याला ते आता दिसलं, याची वाटते. तो घोडा मला खूप दिवस छळत होता. भांडी घासताना, रिक्षात बसलेली असताना, ऑफिसात कुणी मागून हाक मारली तरी मी मान वळवायला कचरायचे.

नंदू त्याच थंडीत मॅरेथॉनच्या मागे लागला होता. नवीन नोकरी, नवीन बूट, नवीन वेड. मुलुंडहून निघून हायवेच्या सर्व्हिस रोडने जाणारी, आपल्या उपनगरातली मॅरेथॉन, जानेवारीत. त्याने अर्धी मॅरेथॉन दोनदा पुरी केली होती आणि आता पूर्ण पळायची होती. पहाटे उठून तो हायवेने ऐरोलीच्या पुलापर्यंत धावत जायचा आणि घामाने निथळत परत यायचा. आई त्याच्या ताटात भात वाढायची, तो भात काढून ठेवायचा, आणि मग दोघांचं जुंपायचं.

एका रविवारी आम्ही चौघं जेवत होतो. नंदू सहज म्हणाला, "ऐरोलीच्या वळणावर ना, एक भारी गोष्ट होते. मान आपोआप उजवीकडे जाते. रोज. मी ठरवतो की आज नाही बघायचं, तरी जातेच यार."

"काय आहे तिकडे?" मी विचारलं.

"काहीच नाही. मिठागर. एक मोडका बांध आहे बस."

बाबांचा घास हातातच राहिला. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांनी आईकडे पाहिलं. आईने खाली मान घालून आमटी वाढायला घेतली, कुणाच्याही वाटीत जागा नसताना.

आमचे आजोबा कामावर असताना गेले, एवढंच आम्हा दोघांना माहीत होतं. आजोबा म्हणजे गिरणी, म्हणून ते गिरणीतच गेले असं आम्ही धरून चाललो होतो. कोणी तसं सांगितलं नव्हतं आणि आम्ही कधी विचारलंही नव्हतं. त्या रविवारी जेवणं झाल्यावर बाबांनी मला एकटीला गॅलरीत बोलावून सांगितलं. संपानंतर गिरणी बंद पडली तेव्हा आजोबांनी मिठागरावर राखणदारी धरली होती. ऐरोलीच्या बाजूला. एका थंडीत सकाळी बांधावरून चालत येताना ते मध्येच थांबले, बाजूला काहीतरी बघितल्यासारखं केलं आणि बसले. उठलेच नाहीत. बरोबरच्या माणसाने घरी येऊन असं सांगितलं होतं.

"नंदूला सांगितलंत कधी?"

"नाय. तुला तरी कधी सांगितलं?"

पलीकडे पांढऱ्यात काहीच दिसत नव्हतं. खाडीकडून तो गोडसर वास येत होता. आपण आपल्या घराण्याचा वास घेतोय असं मला तेव्हा वाटलं, आणि मी आत जाऊन हात धुतले. कशासाठी धुतले ते मला सांगता येणार नाही.

नंतरच्या आठवड्यातली एक दुपार. आई मंडळाच्या हळदीकुंकवाची तयारी करायला गेली होती. बाबांनी मला समोर बसवलं. रेसचं पुस्तक बाजूला होतं, त्यांनी ते उघडलं नाही.

"आज कागद नको. मी सांगतो, तू ऐकून वाच. नाव विचारायचं नाही."

मी बसले. असे खेळ आम्ही पूर्वी खेळलो होतो.

"या घराण्यातले वरचे दोघं," बाबा सांगायला लागले. पुस्तकातल्यासारखा आवाज, चढ नाही उतार नाही. "पहिला दमदार. कधी आजारी नाही. थंडीच्या मोसमात चालता चालता बसला. दुसरा त्याच रक्ताचा. तोही ठणठणीत. थंडीच. जोर लावताना बसला. आईकडचं रक्त चिवट, पण ते कमी उतरलंय. हा अंगाने वरच्या दोघांवर गेलेला. अलीकडचा फॉर्म बरा दिसतो. झोप तुटक. खाणं उतरलंय. चढावर दम लागतो, पण दाखवत नाही. पुढे मोठं अंतर आहे, या आधी कधी न कापलेलं."

दुसरा म्हणजे आमचे थोरले काका, हे कळायला मला वेळ लागला नाही. ऑफिसच्या सहलीत गोराईच्या किनाऱ्यावर रस्सीखेच खेळताना ते वाळूत बसले होते, हसत हसत. लोकांना वाटलं गंमत करतायत. मी लहान होते, पण त्यांच्या चपलांतली वाळू घरी आली होती ती मला आठवते.

म्हणजे नाव झाकलेला घोडा नंदू होता. मी नाव विचारलं नाही. मी जसं शिकले होते तसं वाचलं.

"अंतर पुरं नाही करणार," मी म्हटलं. "शेवटच्या वळणाच्या आत बसेल. याला उतरवू नका. काढून घ्या."

बाबांनी हात पुढे केला आणि माझ्या डोक्यावर ठेवला. लहानपणानंतर त्यांनी तसं कधी केलं नव्हतं.

"बरोबर वाचलंस," ते म्हणाले.

रात्रीच्या जेवणाला त्यांनी नंदूला सरळ सांगितलं, पळायचं नाही. नंदू आधी हसला. मग हसायचा थांबला.

"का पण? कारण सांगा ना."

"आजोबा तुझे, काका तुझा. कारण काय सांगायचं आणखी?"

"बाबा, मी घोडा नाहीये."

"घोडा असतास तर ऐकलं असतंस."

"तुमच्या त्या पुस्तकाने माझी वाट लावू नका हां. सहा महिने घासतोय मी."

तेव्हा आई मध्ये पडली. मला वाटलं ती नंदूची बाजू घेईल. "अहो, माणसाची मुलं अशी वाचायची नसतात," ती म्हणाली. मग नंदूकडे वळली. "पण तू नाही पळायचंस. माझ्यासाठी. पुढच्या वर्षी पळ, मी स्वतः येईन बघायला."

नंदू चार दिवस कुणाशी बोलला नाही. पाचव्या दिवशी नाव काढून घेतलं. बदल्यात त्याने एकच अट घातली की सगळ्या तपासण्या करायच्या, म्हणजे पुढच्या वर्षी कुणाला बोलायला तोंड राहायचं नाही. घाटकोपरच्या एका डॉक्टरांकडे आम्ही तिघं गेलो. नंदूच्या छातीला तारा लावल्या, त्याला पट्ट्यावर पळवलं, आणि डॉक्टर म्हणाले, हृदय उत्तम आहे, घोड्यासारखं. आम्ही तिघंही इतक्या जोरात हसलो की डॉक्टर गोंधळले.

निघताना नंदू बाबांना म्हणाला, "आलोच आहोत तर तुम्ही पण काढून घ्या ना कार्डिओग्राम."

"मी कुठे पळतोय?" बाबा म्हणाले.

यावरही आम्ही हसलो. घरी आल्यावर जिना चढताना बाबा नेहमीसारखे दुसऱ्या मजल्याच्या खिडकीशी थांबले आणि खाडीकडे बघत उभे राहिले. वास येतोय का बघतो, असं म्हणाले. ती त्यांची त्या थंडीतली सवय होती. मी पिशव्या घेऊन पुढे गेले.

जानेवारीतली मॅरेथॉन नंदूशिवाय झाली. घरातलं ओझं उतरलं. आईने त्या दिवशी मुद्दाम घावणे केले आणि नंदूने मोजदाद सोडून खाल्ले. बाबा तर एकदम तरतरीत झाले. डर्बी आता पंधरवड्यावर आली होती आणि आम्ही पुन्हा 'तिच्या'कडे वळलो. रक्त उत्तम, फॉर्म उत्तम, फक्त ते वळण. बाबांचं म्हणणं, वळणावर बघितलं तर तिसरा, नाही बघितलं तर पहिला. "पण तो बघणारच," असं ते लगेच पुढे म्हणायचे.

डर्बीच्या दुपारी नंदूने मोबाइल टीव्हीला जोडून दिला. बाबा त्यांच्या वेताच्या खुर्चीत, मी खाली जमिनीवर त्यांच्या पायाशी टेकून. आई आत. धूर त्या दिवशी खिडकीपर्यंत आला होता. ऊन असूनही ऊन वाटत नव्हतं, सगळ्या खोलीला ताकाचा रंग चढला होता. घोडे सुटले. 'तिचा' मधल्या घोळक्यात होता. बाबांचा एक हात माझ्या खांद्यावर होता आणि घोडे जसे पुढे जात होते तशी त्यांची बोटं घट्ट होत होती.

वळण आलं. 'तिचा' बाहेरून पुढे आला आणि सरळ गेला. मान ताठ, नजर समोर. ज्या जागेकडे तो प्रत्येक वेळी बघायचा तिथून तो असा गेला की तिथे कधी काही नव्हतंच.

"बघितलान् नाय गो," बाबा म्हणाले. अगदी हळू. "आज थंय कोण नाय."

मी टीव्हीतच होते. समालोचक ओरडत होता, लोक ओरडत होते, नावं त्या गोंगाटात विरून जात होती, 'तिचा' एकटाच पुढे निघाला होता. मीही ओरडले. तो जिंकला तेव्हा मी वळले, बाबांना सांगायला, आता तरी नाव सांगा म्हणून. त्यांचा हात अजून माझ्या खांद्यावर होता. मान किंचित उजवीकडे वळलेली, दाराच्या दिशेला. दारात कोणी नव्हतं.

पुढचं लिहायचं नाही. सगळ्यांच्याच घरी ते कधी ना कधी होतं, आणि सगळीकडे ते सारखंच असतं.

मला काय लागलं ते मात्र लिहायला हवं. ते लागायला आठवडे गेले. एकदा आईने सहज म्हटलं, "तुझे काका गेले तेव्हा यांच्याच वयाचे होते. आणि सासरेही, जरा इकडे तिकडे." मी भाजी निवडत होते. माझे हात थांबले. त्या दुपारी बाबांनी मला जो घोडा वाचायला दिला होता, त्याचे वरचे दोघं नंदूचे आजोबा आणि काका होते. पण तेच दोघं बाबांचे वडील आणि भाऊ होते. झोप तुटक, खाणं उतरलेलं, चढावर दम लागतो पण दाखवत नाही. दुसऱ्या मजल्याची खिडकी. रिटायरमेंटला वर्षही उरलं नव्हतं, म्हणजे पुढे मोठं अंतर, कधी न कापलेलं. सगळं वाचलं मी, फक्त वय नाही वाचलं. डर्बीत वय बघत नाहीत.

जन्मभर कचेरीत आलेल्या प्रत्येकाला आधी वय विचारणारा माणूस त्या दुपारी वय सांगायला विसरला, की त्याने ते सांगितलं नाही? या प्रश्नावर मी कितीतरी थंड्या काढल्या. कधी वाटतं, ते खरंच नंदूच्या काळजीने आंधळे झाले होते आणि आमच्या घराची सवयच आम्हाला नडली. कधी वाटतं, त्यांना सगळं माहीत होतं, फक्त दुसऱ्या कुणाकडून ऐकायचं होतं. कुणीतरी नाव न बघता सांगावं, आणि ते माणूस आपलं असावं. डोक्यावर ठेवलेला तो हात मला आजही जड लागतो. मला बाबांचा रागही येतो, अगदी उघड सांगते, खूप राग येतो. वय सांगितलं असतं तर मी कार्डिओग्रामच्या वेळी हसले नसते.

'तिचा' त्यानंतर दोन मोसम पळाला. मी लपूनछपून बघायचे, आवाज बंद करून आणि नावाच्या पट्टीवर अंगठा ठेवून. वळणावर त्याने पुन्हा कधी मान वळवली नाही.

नंदूने पळणं सोडलं होतं. 'पुढच्या वर्षी पळ' हा आईने दिलेला शब्द बाबांच्या जाण्याने तसाच राहिला आणि कुणी तो विषय काढला नाही. गेल्या वर्षी मात्र त्याने कपाटावरून बूट काढले. आता तो थोडा सुटलाय, कानाशी पांढरे केस आहेत, दर वर्षी न चुकता छातीला तारा लावून घेतो आणि निकाल आईला मोठ्याने वाचून दाखवतो. या डिसेंबरात वास आला आणि त्याच सुमाराला एका संध्याकाळी तो मला म्हणाला, "ताई, ऐरोलीला अजून मान वळते गं."

मी घाबरेन असं त्याला वाटलं असावं, कारण तो लगेच पुढे म्हणाला, "तसं काही नाही, सवय असेल." पण मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की माझे डोळे भरून आले आणि मी त्याला चहा करायच्या निमित्ताने आत गेले. जे काही आहे ते अजून तिथे आहे. बांधावर, आपल्या जागी, त्याच्याकडे बघत. ते तिथे आहे म्हणजे ते दुसरीकडे कुठे नाही. ज्या दिवशी नंदू मान न वळवता सरळ निघून जाईल, त्या दिवसाची मला भीती वाटते. तिथे नाही, तर मग कुठे?

परवाच्या रविवारी तो पूर्ण मॅरेथॉन पळाला. मी ऐरोलीच्या वळणावर जाऊन उभी राहिले, बांधाकडे पाठ करून. आईला गुडघ्यांमुळे येता आलं नाही. मिठागरांवर धूर होता, किंवा धुकं होतं, तिथे आता दोन्हीत फरक करता येत नाही. पळणारे त्यातून बाहेर यायचे, आधी पायांचा आवाज, मग माणूस. केळी वाटणारी मुलं ओरडत होती. माझ्या मानेवर मागून गार वारा लागत होता आणि त्याला तो गोडसर वास होता.

नंदू आला. घामाने डबडबलेला, लाल झालेला, पण पाय नीट पडत होते. मी हात हलवला नाही. मी नुसती बघत राहिले. बघ, मी मनात म्हणत होते. बघ रे, बघ एकदा.

वळणावर त्याने मान वळवली. आधी माझ्याकडे, मग माझ्यापलीकडे, माझ्या खांद्याच्या जरा वर. तो हसला आणि त्याने हात केला. मोठ्या माणसाला करतात तसा, जरा अदबीने. मग तो पुढे निघून गेला.

मी मागे वळून पाहिलं नाही. तिथे कोणीतरी असणं मला हवं होतं.

फोन वाजला. आई होती.

"गेला का तिथून?"

"आत्ताच गेला."

"बघितलंन का गो त्याने?"

त्याने बघावं असं मला का वाटतं, ते मी तिला कधी बोलले नव्हते.

"बघितलं," मी म्हटलं.

"मग भात लावते," आई म्हणाली.